होतकरू बेसबॉल खेळाडूने हंगाम कोणत्या पातळीवर सुरू करावा?

मार्चच्या अखेरीस मेजर लीगच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, प्रत्येक क्लबला आपले मायनर लीगचे (तिच्याखालच्या तयारीच्या लीगचे) खेळाडू वेगवेगळ्या संघांत वाटून द्यावे लागतात. बहुतेक नावं वाद न होता आपापल्या जागी बसतात. गाडं अडतं ते सात-आठ नावांपाशी. वीस-एकवीस वर्षांचा, गेल्या वर्षी चमकलेला मुलगा. त्याला एक पायरी वर चढवायचं, आहे तिथेच ठेवायचं, की थेट मेजर लीगच्या २६ जणांत घ्यायचं? स्प्रिंग ट्रेनिंगमधले (हंगामाआधीच्या सराव-सामन्यांतले) त्याचे होमरन मोजून हे ठरवू नये. त्याला यापुढे जे शिकायचं आहे ते कोणत्या पातळीवर रोज समोर येईल, आणि त्या संघात तो रोज खेळेल का, या दोन गोष्टींवर निर्णय व्हायला हवा. करार, ऑप्शन (खाली पाठवण्याची मुभा), रोस्टर (संघाची यादी) ही गणितं त्यानंतर.

पायऱ्या आणि त्यांचा स्वभाव

२०२१च्या फेररचनेपासून प्रत्येक क्लबचे चार संलग्न संघ आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. तीस क्लबांचे मिळून १२०. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि सर्वांत तळाला डॉमिनिकन समर लीग. ट्रिपल-एचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि १५० सामन्यांचा असतो. डबल-ए १३८ सामने खेळतं, खालच्या दोन पातळ्या साधारण १३२. या तिन्ही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतात. कॉम्प्लेक्स लीग मे महिन्यात सुरू होते, त्यामुळे कुठल्याच संघात न बसलेला मुलगा महिनाभर एक्स्टेंडेड स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (लांबवलेल्या सराव शिबिरात) राहतो. ती शिक्षा समजू नये. ज्याची बॅटची हालचाल किंवा पिचिंगची डिलिव्हरी (चेंडू टाकण्याची पद्धत) नव्याने बसवायची आहे, त्याला हा महिना फार कामाचा असतो, कारण तिथे धावफलकाकडे कुणी बघत नाही.

सिंगल-एमधल्या पिचरकडे वेग असतो, नेम नसतो. हाय-एमध्ये नेम थोडा सुधारतो. खरी चढण हाय-ए आणि डबल-एच्या मधे आहे, आणि सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. ही चढण कशी असते ते बॅटरच्या एका पाळीत, एकाच अ‍ॅट-बॅटमध्ये दिसतं. हाय-एमध्ये काउंट २-० (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) झाला की बॅटरला माहीत असतं, आता फास्टबॉल येणार. कारण पिचरला दुसरं काही स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरच्या वैध पट्ट्यात) टाकता येत नाही. डबल-एमध्ये त्याच २-० वर स्लायडर (शेवटी आडवा सरकणारा चेंडू) येतो आणि बाहेरची कड घेऊन स्ट्राइक होतो. २-१. पुन्हा तसाच स्लायडर, त्याच उंचीवरून, त्याच रेषेत निघालेला. पण हा प्लेटपाशी येताना अर्धा फूट बाहेर सरकतो. मुलगा बॅट फिरवतो. २-२. आता पाचवा चेंडू छातीच्या उंचीवर ९६ मैलांनी. ज्याला दुसरा स्लायडर सोडता येतो तो डबल-एमध्ये टिकतो. ज्याला येत नाही त्याची हाय-एमधली सरासरी कितीही मोठी असली तरी जूनपर्यंत ती कोसळते.

ट्रिपल-ए याहून निराळं. तिथला सरासरी खेळाडू २६-२७ वर्षांचा. बरेच जण मेजर लीग पाहून आलेले, काही परत जायची वाट पाहणारे. चेंडू मेजर लीगचाच असतो. खालच्या पातळ्यांवरच्या चेंडूची शिवण जास्त उंच, त्यामुळे वर आलेल्या पिचरला पहिले काही आठवडे पकड वेगळी लागते आणि ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) बिघडतो. शिवाय २०२३पासून ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर बॉल-स्ट्राइक मोजणारी यंत्रणा आहे. २०२४च्या मध्यापासून ती फक्त चॅलेंजपुरती, म्हणजे पंचाच्या निर्णयाला आव्हान दिलं तरच, वापरली जाते. म्हणून २०२३मधले ट्रिपल-एचे वॉकचे (चार बॉल झाल्यावर बॅटरला मिळणाऱ्या फुकट बेसचे) आकडे आणि २०२५मधले आकडे एका तराजूत तोलू नका.

गेल्या वर्षीचे आकडे कसे वाचायचे

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून एक उदाहरण आकड्यांसकट करू.

समजा, २० वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हाय-एमध्ये ३०० वेळा प्लेटवर आला. १८ वॉक, ८४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), १२ होमरन. वॉक वगैरे वगळून अ‍ॅट-बॅट २७६, हिट ८६, म्हणजे सरासरी .३१२. ऐकायला सुंदर. आता होमरन आणि स्ट्राइकआउट बाजूला काढा. दोन सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः बाद होऊन धाव मिळवून देणारे उंच फटके) धरून मैदानात पडलेले चेंडू १८२, त्यावर हिट ७४. ही सरासरी .४०७ होते. चांगला, चपळ बॅटरही मैदानात पडलेल्या चेंडूंवर फार काळ .३३०च्या वर राहत नाही. .३३० धरून पुन्हा मांडलं तर ७४च्या जागी ६० हिट उरतात आणि त्याची सरासरी .२६१वर येते. स्ट्राइकआउट २८ टक्के, वॉक ६ टक्के. या मुलाला डबल-एला पाठवलं तर वर सांगितलेला दुसरा स्लायडर त्याला रोज दिसेल, आणि तो सोडायला शिकण्याआधीच तो हरलेला असेल. त्याने हाय-एमध्येच सुरुवात करावी.

दुसरा मुलगा, तेवढ्याच वयाचा, त्याच लीगमधला. ३०० पैकी ३६ वॉक, ५१ स्ट्राइकआउट, ९ होमरन. अ‍ॅट-बॅट २६०, हिट ६४, सरासरी .२४६. मैदानात पडलेल्या २०२ चेंडूंवर ५५ हिट, .२७२. त्याचे जोरकस फटके थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात गेले की त्याचे फटकेच कमजोर होते, हे बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगावरून कळतं. त्याच्या सर्वांत वेगवान दहा टक्के फटक्यांचा वेग ताशी १०४ मैलांच्या पुढे असेल तर त्याचं नशीब खोटं होतं, हात नव्हे. हा मुलगा डबल-एला जावा. वर्तमानपत्रात पहिला मुलगा पुढे दिसतो, प्रत्यक्षात दुसरा पुढे आहे.

कोणता आकडा किती लवकर खरा मानायचा याचाही अंदाज हवा. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्सनंतर (प्लेटवर येण्याच्या खेपांनंतर) बोलू लागतं, वॉकचं १२०च्या आसपास. सरासरीला पूर्ण हंगामही पुरत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये वर आलेल्या मुलाने डबल-एमध्ये २० सामन्यांत .१९० केलं असेल तर त्या .१९०कडे बघू नका. त्याच ८० प्लेट अपिअरन्समधला स्ट्राइकआउटचा आकडा मात्र बघा.

झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण हा आमच्या मते हाय-एमधून बाहेर पडण्याचा सगळ्यात भरवशाचा निकष आहे. मेजर लीगमध्ये ते २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास असतं. हाय-एमध्ये ज्याचं ३६-३७ टक्के आहे त्याला वर ढकलू नये, मग होमरन कितीही असोत. उलट हे प्रमाण २५च्या आत असेल तर तो चेंडू सोडतोय की भीतीपोटी बॅटच फिरवत नाही, हे झोनमधल्या चेंडूंवरून तपासावं. झोनमधल्या चांगल्या चेंडूंवरही तो उभाच राहत असेल, तर त्याचे वॉक डबल-एमध्ये तिसऱ्या स्ट्राइकमध्ये बदलतात.

मैदानाचा हिशेबही इथेच करायचा. पॅसिफिक कोस्ट लीग या ट्रिपल-ए लीगमधली अल्बुकर्की, रेनो, सॉल्ट लेक ही मैदानं उंचावर आहेत. हवा विरळ, चेंडू लांब उडतो, कर्व्ह कमी वळतो. ॲरिझोना डायमंडबॅक्सचं डबल-ए ॲमरिलोला आणि ट्रिपल-ए रेनोला, म्हणजे त्यांच्या बॅटरचे आकडे दोन्हीकडे फुगतात आणि पिचरचे दोन्हीकडे सुजतात. अशा क्लबने घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे आकडे वेगळे काढल्याशिवाय कुणालाही हलवू नये. मिडवेस्ट लीग (हाय-ए) आणि ईस्टर्न लीगमध्ये (डबल-ए) एप्रिल कडाक्याचा गार असतो. उष्ण प्रदेशातून आलेल्या, तळहात आणि खांदा जपायची गरज असलेल्या मुलाची तिथे एप्रिलमधली घसरण मेमध्ये बऱ्याचदा भरून निघते.

स्प्रिंग ट्रेनिंगचे आकडे? ५० प्लेट अपिअरन्स, त्यातले निम्मे आठव्या-नवव्या इनिंगमध्ये, समोर डबल-एचा पिचर. त्यांना फार किंमत देऊ नका. चेंडूचा वेग, फटक्याचा वेग आणि चालण्या-धावण्यातली तंदुरुस्ती एवढंच मार्चमधून उचलावं.

पिचरचं गणित इनिंगपासून सुरू होतं

मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. त्यामुळे बहुतेक संघ सहा स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) ठेवतात आणि प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येते. १३२ सामन्यांत सहा स्टार्टर म्हणजे प्रत्येकी २२ स्टार्ट. साडेचार इनिंग धरल्या तर ९९ इनिंग. गेल्या वर्षी ७५-८० इनिंग टाकलेल्या मुलासाठी हा आकडा योग्य आहे. एका वर्षात २५-३० पेक्षा जास्त इनिंग वाढवणं आम्हाला धोक्याचं वाटतं. त्याला सप्टेंबरमध्ये मेजर लीगला न्यायचं मनात असेल तर तेव्हासाठी १५-२० इनिंग आधीच बाजूला काढा. म्हणजे एप्रिलमध्ये स्टार्टला चारच इनिंग, किंवा हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू. हे मार्चमध्ये ठरवलं नाही तर ऑगस्टमध्ये तो उत्तम लयीत असताना त्याला थांबवावं लागतं.

पातळी ठरवताना तिसरी पिच (तिसऱ्या प्रकारचा चेंडू) बघा. सिंगल-एमध्ये ९७ मैलांचा फास्टबॉल आणि बरा स्लायडर असलेला मुलगा कुणालाही बाद करतो. त्याला चेंजअपची (फसव्या संथ चेंडूची) गरजच पडत नाही, म्हणून तो टाकत नाही, म्हणून तो शिकत नाही. अशा पिचरला खालीच ठेवायचं असेल तर नियम घालून द्यावा: प्रत्येक स्टार्टमध्ये किमान १२ चेंजअप, त्यातले निम्मे डावखुऱ्या बॅटरला. नियम पाळला जात नसेल, किंवा पाळूनही तो सहज जिंकत असेल, तर वर पाठवा. डबल-एचे डावखुरे बॅटर त्याला चेंजअप टाकायला भाग पाडतील. मात्र ज्याचे स्ट्राइक ६० टक्क्यांच्या खाली आहेत त्याला वर पाठवून काही साधत नाही. वरचे बॅटर वाईट चेंडू सोडतात. दुसऱ्या इनिंगमध्येच त्याच्या ४५ पिच होतात, त्याला काढावं लागतं आणि सरावाची संधीही जाते.

कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या पिचरने शक्यतो कॉम्प्लेक्समध्ये किंवा उबदार गावच्या संघात सुरुवात करावी. पातळी गौण. त्याचा फिजिओ जिथे असेल तिथे तो हवा.

जागा आहे का?

एकाच पातळीवर दोन चांगले शॉर्टस्टॉप जमले की आठवड्याच्या सहा सामन्यांत प्रत्येकाला तीन मिळतात. हे कुणाच्याच हिताचं नाही. ज्याचं क्षेत्ररक्षण पुढे आहे त्याला अर्धी पायरी लवकर वर न्यावं, किंवा एकाने आठवड्यात चार दिवस शॉर्टस्टॉप, एक दिवस सेकंड बेस, एक दिवस डीएच (फक्त बॅटिंग) अशी वाटणी लेखी करावी. बॅटरला हंगामात ४५० ते ५५० प्लेट अपिअरन्स मिळायला हवेत. वरच्या पातळीवर बाकावर बसून मिळालेल्या २०० अपिअरन्सपेक्षा खालच्या पातळीवरचे ५०० केव्हाही मोलाचे.

कॅचरच्या बाबतीत मात्र आमचा कल सावकाशीकडे आहे. त्याला बॅटिंगबरोबर बारा-तेरा पिचर समजून घ्यायचे असतात. बॅटने तयार असलेला कॅचर वर नेला आणि पिचरांचा त्याच्या हातवाऱ्यांवर विश्वास बसला नाही, तर दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

ड्राफ्टमधून (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) आलेल्यांसाठी ढोबळ पायंडा आहे. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांच्या गटात) तीन वर्षं खेळलेला कॉलेजचा बॅटर पहिल्या पूर्ण हंगामात हाय-एमध्ये, हायस्कूलमधून आलेला सिंगल-एमध्ये. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातून आलेल्या मुलासाठी त्या संघात स्पॅनिश बोलणारा कोच आहे का, हे आकड्यांइतक्याच गांभीर्याने विचारा. सूचना नीट न समजलेला मुलगा हट्टी असल्याचा शेरा त्याच्या फाइलमध्ये पडतो आणि वर्षानुवर्षं चिकटतो.

थेट मेजर लीग: सर्व्हिस टाइम आणि ऑप्शन

मेजर लीगचा हंगाम साधारण १८६-१८७ दिवसांचा, आणि तिथल्या रोस्टरवर १७२ दिवस भरले की सर्व्हिसचं एक वर्ष. सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट (कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा). म्हणजे सुरुवातीचे पंधरा-सोळा दिवस खाली ठेवलं की क्लबला जवळपास एक जास्तीचं वर्ष मिळतं. २०१५मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला असंच ट्रिपल-ए आयोवाला पाठवलं, १७ एप्रिलला वर आणलं, आणि हंगामअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी. त्याने दाद मागितली, २०२०मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२च्या करारानंतर हा डाव तितका सोपा राहिलेला नाही. रुकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला उशिरा आला तरी पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला २०२४मध्ये ११ मे रोजी वर आणलं. तो रुकी ऑफ द इयर झाला, पूर्ण वर्ष मिळालं, आणि क्लबने दिवस राखून काहीच कमावलं नाही. उलट आघाडीच्या शंभर होतकरूंच्या याद्यांत असलेल्या खेळाडूला सुरुवातीपासून रोस्टरवर ठेवलं आणि त्याने तो पुरस्कार जिंकला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये जादा पिक (निवडीची जास्तीची संधी) मिळतो. सिॲटलने २०२२मध्ये हुलिओ रोड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवलं. एप्रिल संपेपर्यंत त्याचा एकही होमरन नव्हता, तरी क्लब डगमगला नाही. तो २८ होमरनसह रुकी ऑफ द इयर झाला आणि सिॲटलला २०२३च्या ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळाला. आमचं स्पष्ट मत: तयार असलेल्या मुलाला दिवस मोजून खाली ठेवू नये. हिशेबाचा फायदा आता अनिश्चित आहे आणि मुलाच्या मनातला राग निश्चित.

पण तयार आहे म्हणजे काय, हे प्रामाणिकपणे ठरवा. जॅक्सन हॉलिडे २०२३मध्ये एका वर्षात चारही पातळ्या चढला, ट्रिपल-एमध्ये मोजके १८ सामने खेळला. बाल्टिमोरने त्याला २०२४मध्ये १० एप्रिलला वर आणलं. दहा सामन्यांत ३४ अ‍ॅट-बॅटमध्ये दोन हिट, आणि २६ एप्रिलला तो परत ट्रिपल-एला. त्याच वर्षी सॅन डिएगोचा जॅक्सन मेरिल ट्रिपल-ए न खेळताच थेट डबल-एमधून आला, तोही शॉर्टस्टॉप सोडून सेंटर फील्डवर, आणि रुकीच्या मतदानात दुसरा आला. दोघेही २० वर्षांचे. मेरिल खालच्या पातळ्यांवरही स्ट्राइकआउट फारच कमी होणारा बॅटर होता. पायरी गाळायचीच असेल तर अशाच खेळाडूची गाळावी.

ऑप्शनचा नियमही डोळ्यांसमोर ठेवा. ४० जणांच्या रोस्टरवरच्या (वरचे २६ आणि क्लबने राखलेले बाकीचे) खेळाडूने हंगामात २० किंवा जास्त दिवस मायनर लीगमध्ये काढले की एक ऑप्शन वर्ष खर्च होतं. अशी तीन वर्षं मिळतात. एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा खाली पाठवता येतं. जो मुलगा अजून ४० जणांत नाही त्याला हे लागू नाही, म्हणून दोन आठवड्यांची गरज भागवायला त्याला ४०मध्ये घेणं महागात पडतं. त्याचं घड्याळ सुरू होतं आणि तीन वर्षांनी तो वेव्हरवर (इतर क्लबांना खेळाडू घेऊ देणाऱ्या यादीवर) दुसऱ्या क्लबच्या हाती लागू शकतो.

निर्णय कळवताना आणि नंतर

वर जाण्याची अट मार्चमध्येच आकड्यांत लिहून ठेवा. वर उदाहरणात आलेल्या पहिल्या शॉर्टस्टॉपसाठी ती अशी असेल: हाय-एमध्ये १५० प्लेट अपिअरन्स, झोनबाहेर बॅट फिरवण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांच्या खाली, स्ट्राइकआउट २४ टक्क्यांच्या खाली. सरासरीची अट घालू नका; ती त्याच्या हातात नसते. रोज खेळणारा बॅटर १५० अपिअरन्स मेच्या मध्याला पूर्ण करतो, तेव्हा पहिली बैठक. दुसरी जूनअखेर. जुलैत ड्राफ्टचे नवे खेळाडू आले की खालच्या संघांतल्या जागा भरतात, तोवर लांबवलं तर बढती गुणवत्तेमुळे झाली की गर्दीमुळे हे कुणालाच सांगता येत नाही. खाली आणण्याची अटही ठेवा: डबल-एमध्ये १२० अपिअरन्सनंतर स्ट्राइकआउट ३५ टक्क्यांच्या वर आणि वॉक ५च्या खाली असतील तर परत हाय-ए. महिनाभर सरासरी पडली एवढ्यावरून मात्र कुणालाही खाली आणू नका.

मुलाला सांगताना फार्म डायरेक्टर (मायनर लीग संघांचा प्रमुख), त्या संघाचा मॅनेजर आणि गरज असेल तर दुभाषी एवढेच खोलीत असावेत. त्याला कागदावर तीन ओळी द्या: कुठे खेळणार, कोणत्या जागेवर आठवड्यात किती सामने, आणि कोणते दोन आकडे सुधारले की वर जाणार. ही बातमी त्याला एजंटकडून किंवा सोशल मीडियावरून आधी कळता कामा नये. वरच्या पातळीवर जागा नाही म्हणून तो खाली थांबत असेल तर तेच कारण सांगा. त्याच्या खेळात दोष काढून पांघरूण घालू नका, कारण तो जो दोष तुम्ही सांगाल तो दुरुस्त करायला जाईल आणि चांगली चालणारी बॅट बिघडवून बसेल.